परड्यातील कोंबड्या आणि पावसाचे पाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, आरक्षण, बाबासाहेबांचे विचार या विषयांवर जाणकारांचे लेख दरवर्षी येतात आणि ते आलेच पाहिजेत. त्या लेखांच्या पंक्तीत कोंबड्यांच्या अंगणावरचा लेख पाहून काही वाचकांना हसू येईल. तरीही संपादक मंडळाने आम्हांला ही पाने दिली, याचे कारण असे की, मुंबईत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या गावच्या घरी आई, चुलती, वहिनी किंवा एखादी विधवा बहीण दहा-पंधरा कोंबड्या राखून आहे. मीठ-मिरची, बाजाराला जायचे एसटीचे भाडे, नातवाची वही, दवाखान्याची चिठ्ठी हे सारे त्या अंड्यांवर निघते. हा पैसा थोडा असला तरी घरातील कोणाला विचारून खर्च करावा लागत नाही, हे त्याचे खरे मोल. आणि नेमका हाच पैसा दर आषाढ-श्रावणात बुडतो. गावाहून फोन येतो, "कोंबड्यांवर रोग आला, सात गेल्या." आपण 'बरं' म्हणतो आणि पुढच्या वेळी पिल्लांसाठी पैसे पाठवतो. "पावसात कोंबडी मरायचीच," असे वाडीतील वडीलधारी माणसेही सांगतात.

आमचे म्हणणे असे की, ती मरायचीच असे काही नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग आहे, त्यावर लस आहे आणि ती वेळेवर टोचून घेतली पाहिजे, हे खरेच. परंतु लस टोचलेल्या कोंबड्याही पावसाळ्यात जातात. त्या का जातात, हे पाहायचे तर कोंबडीकडे न पाहता तिच्या पायाखालच्या जमिनीकडे पाहावे लागते.

पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता. कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत, रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात येत. पाऊस आला की त्या आपणहून पडवीखाली, गोठ्यात, पेंढ्याच्या उडवीच्या आडोशाला जात. आता तसे राहिले नाही. मोकाट कुत्री वाढली, मुंगूस व बोका आहेतच, काही गावांत बिबट्याही दारापर्यंत येतो. शेजाऱ्याच्या अळवात कोंबडी शिरली म्हणून होणारी भांडणे तर आपण सारेच जाणतो. त्यामुळे खुराड्यापुढे जाळी लावून तेवढ्यात कोंबड्या ठेवण्याची पद्धत वाढली आहे, आणि ती चांगली आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली जात नाही. मोकळी कोंबडी आपली कोरडी जागा आपण शोधते. तिला जाळीत कोंडली की कोरडी जागा देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

थोडा हिशेब मांडू. (बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही, वाचकांनी क्षमा करावी.) पंधरा कोंबड्यांना १० फूट रुंद व १५ फूट लांब, म्हणजे १५० चौरस फुटांचे अंगण धरले तर एका कोंबडीला १० चौरस फूट जागा मिळते व ती पुरेशी आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम शीट टाकते. पंधरा कोंबड्यांची ती दीड किलोहून जास्त होते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते. पावसाच्या चार महिन्यांत एवढ्याशा जागेवर पावणेदोनशे-दोनशे किलो शीट पडते. आता वरचे पाणी पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपले अंगण जवळजवळ १४ चौरस मीटरांचे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आषाढात अपूर्वाईची गोष्ट नव्हे. त्या एका दिवसात या अंगणावर १,४०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची सात पिंपे पाणी ओतले जाते. साऱ्या पावसाळ्याचे ३,००० मिलिमीटर धरले तर बेचाळीस हजार लिटर. शिवाय छपराच्या पागोळ्यांचे आणि वरच्या अंगाने वाहत येणारे पाणी वेगळेच.

हे पाणी निघून गेले तर काही बिघडत नाही. पण शिटेत मिसळून जागच्या जागी राहिले की रोग सुरू होतात. रक्ती हगवण पसरवणाऱ्या सूक्ष्म जीवांची अंडी आजारी कोंबडीच्या शिटेतून हजारोंनी बाहेर पडतात. बाहेर पडताच ती रोग देऊ शकत नाहीत. ओल व ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत ती तयार होतात आणि मग जमीन टोचणाऱ्या प्रत्येक कोंबडीच्या पोटात जातात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले यात सर्वांत आधी जातात. पोटातील जंतांच्या अंड्यांनाही ओलच लागते. पुष्कळ जण अशा वेळी अंगणात चुना फेकतात. चुन्याने वास कमी होतो, काही जंतू मरतात, परंतु रक्ती हगवणीची ही अंडी चुन्याला सहसा दाद देत नाहीत. त्यांना मारतो तो कोरडेपणा आणि कडक ऊन, आणि पावसाळ्यात नेमक्या याच दोन गोष्टी दुर्मीळ असतात. ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, कोंबडीला श्वासाचा त्रास होतो. सतत चिखलात उभे राहून तळपायांना फोड येतात. चिखलाच्या पायांनी कोंबडी अंडी घालायला बसते व अंडे माखते. माखलेले अंडे धुवावे तर त्याच्या कवचावरील नैसर्गिक आवरण निघून जाते आणि अंडे लवकर नासते. न धुवावे तर गिऱ्हाईक घेत नाही.

यात माणसांचाही संबंध आहे. डबक्याकडे आणि सांडलेल्या दाण्याकडे उंदीर येतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो पसरतो. उघड्या पायांनी त्याच चिखलात उतरून खुराडे झाडणारी आपली आई किंवा वहिनीच असते. डबक्यावर कावळे, बगळे पाणी प्यायला उतरतात. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आली, हे वाचकांना आठवत असेल. रानपक्षी व कोंबड्या एका डबक्यावर येऊ न देणे हा त्यातला साधा धडा आहे.

येथे एका प्रश्नाला बगल देणे बरे नव्हे. भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार येतो. मग बौद्ध माणसाने कोंबड्या पाळाव्या की नाही, असे आमच्या वाडीतील काही उपासक विचारतात. अंड्यापुरत्या पाळणे वेगळे असे काही म्हणतात, काहींना तेही पटत नाही, आणि सगळेच खातात तर वाद कशाला असे म्हणणारेही आहेत. या वादाचा निकाल आम्ही लावणार नाही, तेवढा आमचा अधिकार नाही. पण जो जीव आपण दाराशी बांधून ठेवला त्याला चार महिने स्वतःच्या घाणीत उभे ठेवू नये, यावर तिन्ही पक्षांचे दुमत होणार नाही असे वाटते. भिक्खूसंघ वर्षावासात एका जागी थांबतो, त्यामागे पावसात उगवणारी रोपे व बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत हाही विचार आहे. ज्या परंपरेत किड्यामुंगीचा एवढा विचार झाला, तिच्यात कोंबडीच्या पायाखालच्या चिखलाचा विचार फार लांबचा नाही.

जागा व जमीन

आपली बौद्धवाडी बहुतेक गावांत खालच्या अंगाला असते. ती तेथे का, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. त्याचा या विषयाशी संबंध एवढाच की, वरच्या वाड्यांचे, कातळाचे, रस्त्याचे पाणी आपल्या परड्यातून वाहत पऱ्याला जाते. म्हणून पुस्तकात दिलेला कोंबडीघराचा नकाशा आपल्याकडे जशाचा तसा चालत नाही. तो सपाट जागा धरून काढलेला असतो आणि त्यात फक्त वरून पडणाऱ्या पावसाचा विचार असतो.

जागा निवडताना परड्यातील त्यातल्या त्यात उंच कोपरा घ्यावा, मग तो घरापासून दहा पावले लांब पडला तरी चालेल. विहिरीपासून निदान ५० फूट अंतर असावे आणि अंगणाचा उतार विहिरीकडे नसावा. जागा ठरली की जमिनीची परीक्षा करावी. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढून संध्याकाळी पाण्याने भरावा व रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी तो पुन्हा भरावा आणि हे दुसरे पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. मे महिन्याची तहानलेली जमीन पहिले पाणी घटाघटा पिते, त्यावरून काहीच कळत नाही. दुसरे पाणी तीन-चार तासांत गेले तर जमीन चांगली. संध्याकाळपर्यंत निम्मे तसेच उभे राहिले तर ती जमीन पावसात पाणी घेणार नाही असे समजावे.

जांभ्याची माती पाणी पिते असा आपला समज आहे व तो बराचसा खरा आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी वर फूटभर माती आणि खाली सलग कातळ असतो. पाणी फूटभर उतरते, कातळाला टेकते आणि परत वर येते. देशावर काळ्या मातीचीही तीच गत, ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत खोदून खडी भरणे म्हणजे आपल्या हाताने हौद बांधणे होय. गवंडी सांगतो म्हणून पुष्कळ जण ते करतात. पहिल्या पावसात तो खड्डा भरतो आणि खडीखाली सडलेले पाणी साऱ्या पावसाळाभर राहते. जमीन पाणी पीत असेल तरच खोदावे. पीत नसेल तर खोदू नये, भर घालून वर यावे. या लेखातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे राहू द्यावे.

आधी वरचे पाणी वळवायचे

अंगणाला हात लावण्यापूर्वी वरच्या अंगाचे पाणी वळवले पाहिजे. चढाच्या बाजूला, अंगणापासून दोन-तीन फूट वर, एक फूट रुंद व तितकाच खोल चर खणावा. तो दोन्ही टोकांना खाली वळवून अंगणाला वळसा घालत न्यावा आणि पऱ्याला किंवा केळीच्या बागेला सोडावा. खणलेली माती चराच्या खालच्या काठावर बांधासारखी घालून चोपावी. पाण्याला वेग असेल तर चराच्या तळाला दगड टाकावेत, नाहीतर एका पावसात चराची घळ होते. या एका चराने निम्मे काम होते आणि त्याला दोन माणसांच्या एका दिवसाच्या अंगमेहनतीपलीकडे खर्च नाही. मात्र हे पाणी शेजाऱ्याच्या परड्यात सोडू नये. आपले कोरडे अंगण म्हणजे दुसऱ्याचे डबके अशी सोय करून घेणारे महाभाग वाडीत असतात, आणि मग तंटा मंडळाच्या बैठकीत येतो.

खरे तर वरून येणाऱ्या पाण्यासाठी साऱ्या वाडीचे एक बांधीव गटार हवे. पूर्वी दलित वस्ती सुधार या नावाने परिचित असलेली वस्तीविकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत राबवली जाते आणि तिच्यातून गटाराची कामे घेता येतात. प्रस्ताव ग्रामपंचायतीकडून जावा लागतो. आपण मंडळी समाजमंदिराची मागणी हिरिरीने करतो, ती करावीच, परंतु गटाराचा ठराव ग्रामसभेत मांडायला कोणी उठत नाही. हा विषय मंडळाच्या गाव शाखेने मनावर घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

तळ

आता अंगणाचा तळ. उतार १० फुटांना ३ इंच ठेवावा. यापेक्षा कमी ठेवला तर पाणी रेंगाळते, फार जास्त ठेवला तर वरची रेती वाहून खाली जमते. उताराची दिशा घरापासून व खुराड्यापासून लांब जाणारी असावी. उतार नजरेने ठरवू नये. गवंड्याकडे असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून मोजावे. कोकणात सगळीच जमीन तिरकी असल्यामुळे आपली नजर हमखास फसते.

जमीन पाणी पिणारी असेल तर सहा इंच खोदावे आणि खोदलेल्या तळालाच उतार द्यावा. बरेच जण तळ सपाट ठेवून फक्त वरच्या रेतीला उतार देतात. तो महिनाभरात कोंबड्या विस्कटून टाकतात आणि खाली पाणी जागच्या जागी राहते. या तळावर प्रथम ४० मिलिमीटरची खडी चार इंच, तिच्यावर १२ मिलिमीटरची बारीक खडी दोन इंच पसरावी. त्यावर हिरवी शेडनेट दुहेरी अंथरावी, म्हणजे रेती खडीत उतरून खडीची तोंडे बुजत नाहीत. सर्वांत वर सहा इंच जाड रेती. एकूण बारा इंच झाले, त्यातले सहा जमिनीत व सहा जमिनीच्या वर, म्हणजे अंगण आजूबाजूपेक्षा उंच राहते. १५० चौरस फुटांना मोठी खडी अर्धा ब्रास, बारीक खडी पाव ब्रास आणि रेती पाऊण ब्रास लागते. रेतीचा थर सहा इंचांपेक्षा कमी करू नये. कोंबडी पायाने तीन-चार इंच सहज उकरते. तिला शेडनेट लागली तर ती धागे उपसते, ते पायात गुंततात, कधी पोटातही जातात.

जेथे कातळ किंवा काळी माती असेल तेथे न खोदता आहे त्या जमिनीवर सहा इंच मुरूम घालून, पाणी मारून, चोपून उतार करावा व वर हेच थर द्यावेत. त्याला कडेने जांभ्या चिऱ्याचे दोन थर लावावे लागतात.

खडी काळ्या दगडाची घ्यावी. जांभ्याचे तुकडे फुकट मिळतात खरे, पण ते पाण्यात झिजतात आणि त्यांची माती होऊन पाण्याच्या वाटा बुजतात. रेतीऐवजी खाणीतला कच चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. पूड काढलेली, धुतलेली क्रश सँड चालते. पूड असलेला कच दोन पावसांत सिमेंटसारखा आवळतो. समुद्राची रेती मात्र आणू नये. तिच्यातले मीठ जास्त प्रमाणात पोटात गेलेले कोंबड्यांना मानवत नाही, जाळीचे खिळे व तारा गंजतात, शिवाय परवान्याशिवाय रेती उचलणे हा गुन्हा आहे.

सगळीकडे कोबा करून टाकावा असेही सुचवले जाते, कारण तो धुता येतो. आम्हांला ते पटत नाही. कोंबडी उकरण्यासाठी जन्मली आहे. कोब्यावर तिला उकरता येत नाही, मातीत लोळता येत नाही, पाय दुखावतात, आणि धुतलेल्या कोब्याचे घाण पाणी शेवटी कोठे जाते हा प्रश्न तसाच राहतो. कोबा खुराड्याच्या आत ठीक, बाहेर नको.

खालच्या काठाला, अंगणाच्या बाहेर लागून, एक फूट रुंद व दीड फूट खोल चर घ्यावा. त्यात भोके पाडलेला चार इंची पीव्हीसी पाइप, भोके खालच्या अंगाला येतील असा, उतारात ठेवून वर खडी भरावी. पाइपाचे तोंड केळी, अळू किंवा माडाच्या आळ्याच्या बाहेरील अंगाला सोडावे. कोंबडीची ताजी शीट झाडाच्या मुळाशी थेट पडली तर झाड करपते, पावसाच्या पाण्यात विरघळून आलेली मानवते. तोंडाला बारीक जाळी बांधायला विसरू नये. नाहीतर ओल्या पाइपातून साप व उंदीर आत येण्याची वाट आपणच करून देतो.

कडेच्या भिंतीविषयी एक सूचना. अंगणाला चारी बाजूंनी चिरा लावून सिमेंटने दरजा भरलेली कामे आम्ही पाहिली आहेत. दिसायला ती सुबक असतात, पण पाण्याला बाहेर जायला वाट नसल्याने आतील कोंबड्या हौदात उभ्या असतात. चिरा तीन बाजूंना पक्का लावावा. खालच्या बाजूला दर दोन-तीन फुटांवर तळाशी पाण्यासाठी भोक ठेवावे व त्याला अर्धा इंची जाळी बसवावी.

छप्पर, झड आणि जाळी

निदान निम्म्या अंगणावर छप्पर हवेच. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही. नैऋत्येकडून झड येते व छपराखाली सहा-सात फूट आत भिजवते. म्हणून त्या बाजूला पावसापुरते झावळ्यांचे झाप बांधावेत. वरच्या एक-दोन विता मोकळ्या ठेवाव्यात म्हणजे हवा खेळती राहते. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळू नये. पाऊस अडतो, पण आत शिटेची वाफ कोंडते आणि ओल होते तेवढीच होते. पत्रे असतील तर ते भिंतीबाहेर दीड फूट यावेत आणि पागोळ्यांना पन्हळ लावून ते पाणी पिंपात घ्यावे. पन्हळ नसेल तर सगळ्या छपराचे पाणी एका रेषेत अंगणाच्या कडेवर कोसळते आणि नेमके तेथेच तळ उकरले जाते. पत्रे जे-हुकांनी घट्ट आवळावेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मंडणगड, दापोलीकडे काय झाले ते आपल्या लोकांनी भोगले आहे.

छपराखालच्या भागात रेतीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा चार इंच पसरावा आणि दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने वरखाली करावा. उघड्या भागात मात्र तूस टाकू नये. तेथे त्याचा लगदा होतो व खालची रेती बंद पडते. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती भरलेली पेटी ठेवावी. कोंबड्या तीत लोळतात आणि उवा-पिसवांपासून त्यांची सुटका होते. पाण्याचे भांडे छपराखाली पण खडीच्या छोट्या चौकोनावर ठेवावे. सर्वांत जास्त ओल पावसाने होत नाही तेथे ती या भांड्याभोवती होते, ही आम्ही अनेक ठिकाणी पाहिलेली गोष्ट आहे.

जाळीविषयी थोडक्यात. खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश, वर नेहमीची षटकोनी जाळी आणि डोक्यावर घारीसाठी जाळे. वेल्डमेश जमिनीलगत बाहेरच्या बाजूला एक फूट दुमडून मातीखाली आडवी पुरावी. मुंगूस जाळीच्या मुळाशी उकरतो व जाळीच लागली की सोडून देतो.

पैसा व वेळ

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून आपल्या भगिनींच्या गटांनी कोंबड्यांसाठी पुष्कळ कर्जे घेतली व बहुतेकींनी ती प्रामाणिकपणे फेडली. आम्ही टेबलावर पाहिलेल्या अर्जांत पक्ष्यांचा खर्च असतो, खाद्याचा असतो, शेडचा असतो. खडी-रेतीचा व चराचा रकाना मात्र आढळत नाही. अर्जदार भगिनीने तो स्वतः घालावा, शेडच्या अंदाजपत्रकातच 'पायाभरणी व निचरा' असे लिहून दीड ब्रास माल व पाइप दाखवावा. अधिकारी विचारतील, तेव्हा वर दिलेला पाण्याचा हिशेब सांगावा. रक्कम कमी पडत असेल तर पंधराऐवजी दहा कोंबड्या घ्याव्यात, पण तळ सोडू नये. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. ऐन श्रावणात पाच कोंबड्या गेल्या की पुढच्या वर्षाची तीनशे अंडी गेली. त्यांच्या पैशात रेती येते.

दुसरी गोष्ट वेळेची. कर्ज मार्चअखेरीस मिळाले म्हणून मे-जूनमध्ये पिल्ले आणली जातात आणि ती पोसण्याच्या कोवळ्या वयातच पावसात सापडतात. अंगणाचे काम चैत्र-वैशाखात, बुद्धजयंतीपूर्वी संपवावे. मे महिन्यात मुंबईकर गावी आलेले असतात, तेव्हा चर खणायला चार तरुण हात मिळतात. पिल्ले मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर आणावीत. पहिल्या आठवड्यात लासोटा, महिन्याने पुन्हा एकदा, दोन महिन्यांच्या सुमारास राणीखेतची टोचणी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळच्या वेळी करावे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती अंड्यावर आलेली, घट्ट झालेली असतात. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या पऱ्यात टाकू नयेत, दवाखान्याला कळवावे.

अंगण एकदा केले की संपले असेही नाही. आठवड्याला दाताळे फिरवावे, शीट उचलून खताच्या खड्ड्यात टाकावी. दरवर्षी आगोटीच्या कामांत वरची दोन इंच रेती काढून माडाच्या आळ्यात घालावी व नवी टाकावी, चर मोकळे करावेत. आणि मृगाची पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन अंगणात जावे. सर थांबल्यावर अर्ध्या तासानेही जेथे पाणी उभे दिसेल तेथे एक काठी रोवावी आणि उघडीप मिळताच ती जागा उकरून तेथे दोन घमेली खडी व वर रेती भरावी. पहिल्या वर्षी अशा दोन-तीन काठ्या बहुतेक सगळ्यांनाच रोवाव्या लागतात.